हाडांचे गणित : लातूर पॅटर्नमध्ये हाडांचा तास नाही

मागच्या लेखांकात मुडदूस पाहिला. वाकलेले पाय आईबापांना दिसतात, म्हणून तो आजार निदान दवाखान्यापर्यंत पोचतो. आजचा विषय न दिसणाऱ्या उणिवेचा आहे. हाडांत जेवढे खनिज जास्तीत जास्त साठायचे, त्यातले सुमारे ९० टक्के विशीच्या आत साठून होते. जवळपास चौथा हिस्सा तर वयात येतानाच्या दोनच वर्षांत. साठीतल्या बाईचे खुब्याचे हाड मोडले की अस्थिरोगतज्ज्ञ आठवतो. पण ते हाड भरत होते, तेव्हा ती बालरोगतज्ज्ञाकडे जाण्याच्या वयाची होती. हाडांचा पहिला डॉक्टर तोच, असे माझे म्हणणे आहे.

अडचण अशी, की लसी संपल्या की मुलाचे त्याच्याकडे जाणेच थांबते. लातूर-नांदेडात हे जास्त खटकते, कारण गावोगावची पोरे नीट-जेईईसाठी इथे येऊन राहतात ती नेमकी सोळाव्या-सतराव्या वर्षी. दिवस क्लासमध्ये नि अभ्यासिकेत, जेवण मेसचे, खेळ बंद. 'मराठवाड्यात उन्हाला काय तोटा?' असे कुणीही विचारील. तोटा नाहीच, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत, ऊन अंगावरच पडावे लागते. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात या जीवनसत्त्वाची कमतरता एक ते चार वर्षांच्या मुलांत १४ टक्के, तर किशोरवयात २४ टक्के आढळली. पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटचे थेंब देण्याची शिस्त बालरोगतज्ज्ञांनी घालून दिली आहे. वयात येताना ती कुठे जाते?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निरोगी मुलांना कॅल्शियमच्या गोळ्या देऊन फारसे साधत नाही, असे २००६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या १९ प्रयोगांच्या आढाव्यात दिसले. मान्य, सरसकट गोळ्या नकोत, सरसकट रक्ततपासणीही नको. मात्र त्या प्रयोगांत मुळातच फार कमी कॅल्शियम खाणारी मुले थोडी होती, आणि आपल्याकडची बरीच मुले त्यांतलीच. तेरा ते पंधरा वयाला रोज १००० मिलिग्रॅम हवे, असे आयसीएमआरचे २०२०चे प्रमाण आहे. १०० ग्रॅम ज्वारीत ते तीसही भरत नाही. त्याच भाकरीवर वीस ग्रॅम तिळाची चटणी पडली, तर दोनशेच्या वर जाते. सगळे अंगी लागत नाही हे खरे, तरी एवढे सांगायला प्रिस्क्रिप्शनचा कागद लागत नाही.

'ओपीडीत वेळ कुठे?' तापासाठी आलेल्या पोराला तीन प्रश्न पुरतात: दूध-दही किती, उन्हात खेळतोस का, पाणी बोअरचे का. तिसरा प्रश्न किनवटकडच्या मुलांसाठी. तिथल्या पाण्यातले फ्लोराइड कॅल्शियम कमी असलेल्या हाडांना जास्त नडते. (त्यावर पुढच्या आठवड्यात.) २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत मुडदूस आहे, पण त्याचे पथक शाळा-अंगणवाडीत जाते, खासगी क्लासच्या दारात नाही. तेव्हा खोली आणि मेस बघायला आलेल्या आईबापांनी त्याच फेरीत मुलाला बालरोगतज्ज्ञाकडेही न्यावे. अठराव्या वर्षापर्यंत तो त्यांचाच रुग्ण आहे.