दया, धिटाई आणि जबाबदारी : बालवर्गातील तीन धडे

आपल्या घरांतून लहान मुलाची जी स्तुती होते, तीत "किती गुणी आहे! सांगावे ते मुकाट्याने ऐकतो," ह्या वाक्यास पहिला मान असतो. आजी-आजोबा, काका-काकू, चुलत भावंडे असा मोठा परिवार जेथे एका छपराखाली नांदतो, तेथे गडबड न करणारे मूल सर्वांसच सोयीचे वाटावे, ह्यात नवल नाही. परंतु जे सोयीचे तेच सुशिक्षित, असे मानण्यापूर्वी सुज्ञ वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. मुकाट्याने ऐकणारे मूल पुष्कळदा केवळ भ्यालेले असते. आणि जे मूल योग्य माणसास 'होय' म्हणावयास शिकले, परंतु अयोग्य माणसास 'नाही' म्हणावयास शिकले नाही, त्याचे रक्षण घराच्या भिंती किती काळ करणार?

दया, आपले म्हणणे विनयाने पण ठामपणे मांडण्याची धिटाई, आणि अंगावर घेतलेले काम पुरे करण्याची जबाबदारी, हे तीन गुण वेगवेगळे शिकविता येत नाहीत. धिटाईवाचून दया म्हणजे दुबळेपणा. दयेवाचून धिटाई म्हणजे उद्दामपणा. आणि जबाबदारी नसेल तर दोहोंचीही किंमत शब्दांपलीकडे जात नाही. शिवाय हे गुण उपदेशाने येत नसून वर्गाच्या रचनेने येतात.

मारिया माँटेसरी ह्यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक साधन वर्गात एकच ठेवतात. वरवर पाहता हा कंजूषपणा वाटेल. परंतु त्यातच खरे मर्म आहे. एक मुलगी ठोकळ्यांचा मनोरा रचीत आहे आणि दुसऱ्या मुलास तेच ठोकळे हवे आहेत, अशा वेळी नियम इतकाच की, जिने साधन घेतले तिने ते जागेवर ठेवीपर्यंत दुसऱ्याने थांबावयाचे. थांबणारा दुसऱ्याच्या कामाचा आदर शिकतो. काम करणारी, "माझे चालू आहे, मी जागेवर ठेवीन, मग तू घे," असे न रडता व न ओरडता म्हणावयास शिकते. आणि साधन जागेवर ठेवणे हे तिचे कर्तव्य ठरते, कारण कोणी तरी त्याची वाट पाहत आहे. चार संच विकत आणले की भांडण मिटते खरे. पण हे तिन्ही धडेही त्याबरोबर बुडतात.

काचेची व चिनी मातीची भांडीही तेथे मुलांच्या हाती देतात. निष्काळजीपणाने भांडे फुटले की चूक आपोआप दिसते; बाईंनी रागावण्याची गरज उरत नाही. कोणाच्या बोलण्यात मध्ये पडावयाचे असल्यास काय करावे, नको असलेली गोष्ट कशी नाकारावी, हे छोट्या अभिनयाने शिकवितात. आणि तेही भांडण चालू असताना नव्हे, तर सर्व शांत असताना. रागाच्या भरात दिलेला सभ्यतेचा धडा मूल शिक्षा म्हणूनच ऐकते.

हे सर्व परदेशी श्रीमंती थाटाचे आहे, असे कोणास वाटेल. परंतु गिजुभाई बधेका ह्यांनी 1920 साली भावनगरात बालमंदिर काढले. तेथे काम केलेल्या ताराबाई मोडक ह्यांनी पुढे 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांनी व अनुताई वाघ ह्यांनी महाग साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने ही साधने मानली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 1975 साली सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेने 'अंगणवाडी' हे नाव देशभर नेले.

धिटाईस दयेची जोड कशी द्यावी, ह्याचे आणखी एक उदाहरण पोलंडमधील आहे. वॉर्सा येथील अनाथालयात यानुश कोर्चाक ह्यांनी मुलांचेच न्यायालय स्थापिले होते. कोणासही तक्रार करता येई; स्वतः कोर्चाक ह्यांच्यावरही खटला चाले. मात्र त्या न्यायसंहितेतील पहिली 99 कलमे क्षमेची किंवा खटला काढून टाकण्याची होती. तक्रार करण्याचा हक्क पूर्ण, आणि शिक्षेची घाई मुळीच नाही! 1942 साली नाझी राजवटीने ती मुले त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत धाडली, तेव्हा कोर्चाक त्यांना सोडून न जाता त्यांच्याबरोबर गेले.

"असे बोलावयास शिकविले तर मुले उद्धट होतील," हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. उद्धट मूल दुसऱ्यास टाकून बोलते. धीट मूल आपल्यापुरते बोलते. "तू वाईट आहेस" हे पहिले; "मला ढकललेले आवडत नाही, पुन्हा ढकलू नकोस" हे दुसरे. बरोबरीच्या मुलाशी तंटा झाला, तर शिक्षिकेने आधी मुलासच असे बोलू द्यावे. परंतु समोरचा बलवान असेल किंवा मोठे माणूस असेल, तर विश्वासाच्या माणसास सांगणे हीच धिटाई, हेही त्यास स्पष्ट सांगून ठेवावे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्या दोहोंस मनाई केली आहे. पण बोलावयास न शिकलेल्या मुलाची दाद कायद्यापर्यंत पोहोचावी कशी?

घरीही हे सहज साधेल. झोपाळा एक असेल तर दुसरा टांगू नये, पाळी लावावी. पाने मांडणे, तुळशीस पाणी घालणे ही कामे मुलगा-मुलगी असा भेद न करता वाटून द्यावीत, आणि एकदा दिली की आपण मागून जाऊन उरकू नयेत. पाहुण्यांच्या मांडीवर बसावयास मूल नाखूष असेल, तर आजीने म्हणावे, "तो नमस्कार करील, तेवढे पुरे." त्या एका वाक्याने मुलास कळते की, आपल्या 'नाही'स ह्या घरात मान आहे. ज्याच्या शब्दास असा मान मिळतो, तेच मूल उद्या दुसऱ्याच्या शब्दास मान देईल.