गोसेखुर्दच्या पाण्याखालचा नकाशा

समजा, तुमच्याकडे फायबरची जुनी मोटारबोट आहे. इंजिन अजून ठणठणीत, पण डॅशबोर्डवरच्या जीपीएसचा पडदा कायमचा विझलाय. ती फिरवायची आहे गोसेखुर्दला, पवनीजवळ अडवलेल्या वैनगंगेच्या जलाशयात. आता नवं यंत्र कोणतं घ्याल?

मोठ्या पडद्याचा चार्टप्लॉटर, असं पहिलं उत्तर येईल. पण त्यात नकाशा कशाचा असणार? आपल्याकडचे जलनकाशे काढतं डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस, आणि त्याचं काम मुख्यतः समुद्राचं. या धरणाचं भूमिपूजन झालं १९८८ साली. आज जिथे पाणी आहे, तिथे तेव्हा गावं होती, बांध होते, झाडं होती. बुडीतातलं बाभळीचं खोड पाण्याखाली वीतभर असलं तरी प्रोपेलरचं पातं वाकायला तेवढं पुरतं. विकतच्या नकाशात ते खोड कुठून येणार?

तुम्ही कुठे आहात, हे मात्र अगदी स्वस्त यंत्रही बिनचूक सांगतं. तेही कसं, तर २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांनी पाठवलेली वेळ ऐकून! ती घड्याळं जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. आइन्स्टाइनच्या गणिताने ती दुरुस्त केली नसती, तर एका दिवसात तुमची बोट दहा किलोमीटर भलतीकडे दिसली असती. जीपीएसबरोबर आपल्या 'नाविक'चेही उपग्रह पकडणारं यंत्र मिळालं तर उत्तमच. पण यातल्या एकाही उपग्रहाला पाण्याखालचं दिसत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे: पैसा आधी सोनारवर खर्च करा, पडद्याचा आकार नंतर बघा.

सोनार करतो काय? विहिरीत वाकून हाक मारावी आणि ती परत यावी, तसंच. फक्त इथे हाक सेकंदाला दोन लाख कंपनांची असते, आपल्या कानांच्या पार पलीकडची. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो. तळ तीन मीटरवर असेल तर हाक जाऊन परत यायला एका सेकंदाचा अडीचशेवा भाग लागतो. एवढ्याशा अवधीतून यंत्र खोली मोजतं! वर, परतलेला आवाज दणकट असेल तर तळाला खडक, मऊ असेल तर गाळ, हेही उमगतं. २०० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेसात मिलिमीटर असते, म्हणून ती बारकावे टिपते. ५० किलोहर्ट्झची लहर खोल समुद्रात लांबवर पोचते, आपल्याला तिचा उपयोग नाही. आवाज सोडणारा ट्रान्सड्यूसर जुन्या बोटीच्या आतून चिकटवता येतो, पण तळ निव्वळ फायबरचा हवा. मध्ये फोम असेल तर आवाज त्यातच जिरतो. मग ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर, पाण्यात बुडेल असा बसवायचा.

आणि आता खरी कमाल. जीपीएसला माहीत आहे 'कुठे', सोनारला माहीत आहे 'किती खोल'. दोघांना एकत्र जोडलं की बोट फिरता फिरता नकाशा काढू लागते! गार्मिनच्या यंत्रांत ही सोय 'क्विकड्रॉ' नावाने येते, हमिनबर्डच्या यंत्रांत 'ऑटोचार्ट लाइव्ह'. तुमच्या डोळ्यांसमोर पडद्यावर समान खोलीच्या रेषा उमटत जातात. नदीचं जुनं पात्र जिथे असेल, तिथे त्या दाटून येतात. कोणीही न काढलेला नकाशा, आणि तो तुमच्या मालकीचा.

पण ऑक्टोबरात काढलेला नकाशा मे महिन्यात चालेल का? पाणी तर उतरलेलं असतं. त्यासाठी धरणावर लिहिलेली पातळी बघायची आणि तेवढा फरक यंत्रात भरायचा. गोसेखुर्द पूर्ण भरतं तेव्हा पाणी २४५.५ मीटरवर असतं, समुद्रसपाटीपासून. समुद्र इथून शेकडो कोस दूर, मग ही उंची विदर्भात आली कुठून? सर्वेक्षकांनी ती टप्प्याटप्प्याने मोजत आणली आणि जागोजागी दगडांवर कोरली. नागपूरच्या झिरो माइलजवळचा १९०७चा दगड त्यातलाच, १०२०.१७१ फुटांचा. म्हणजे तुडुंब भरलेल्या गोसेखुर्दचं पाणी झिरो माइलपेक्षा सुमारे ६५ मीटर खाली!

त्याच सर्वेक्षणाची आणखी एक खूण तुमच्या यंत्राच्या मेनूत आहे. हे सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला. त्याच्यामागून आलेल्या एव्हरेस्टने १८३० साली पृथ्वीचा जो आकार ठरवला, तो भारतापुरता चपखल बसणारा होता, आणि जुने टोपोशीट नकाशे त्याच आकारावर काढलेले आहेत. उपग्रह मात्र साऱ्या पृथ्वीसाठी बेतलेला, डब्ल्यूजीएस ८४ नावाचा आकार मानतात. धरणाआधीच्या टोपोशीटवरून एखाद्या बुडालेल्या गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन थेट यंत्रात भरलेत, तर खूण शंभर मीटरहून जास्त सरकते. म्हणून खरेदीच्या वेळीच मेनू उघडून 'मॅप डेटम'मध्ये 'इंडियन' हा पर्याय आहे का ते बघून घ्या. जुन्या शीटवरच्या खुणा भरताना तो निवडायचा, आणि काम झालं की पुन्हा डब्ल्यूजीएस ८४ वर यायचं.