हत्तीरोग आणि घरची न्हाणी

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात श्लीपद, म्हणजे ज्यास आपण हत्तीपाय म्हणतो, त्या विकाराचे वर्णन आहे. जेथे जुने पाणी साचून राहते आणि सर्व ऋतूंत गारवा टिकून असतो, अशा प्रदेशांत हा विकार विशेषेकरून आढळतो, असे ग्रंथकाराने तेथे नमूद केले आहे. डासाचा या रोगाशी काही संबंध असेल, ही कल्पना त्या काळी असणे शक्य नव्हते. तो संबंध पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ साली चीनमधील अमॉय येथे दाखविला. मात्र साचलेल्या पाण्यावर ठेवलेले ते जुने बोट योग्य ठिकाणीच होते, आणि आजही घराच्या मागील बाजूस गेले असता ते तेथेच ठेवावे लागते.

शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज आणखी एक वाहिन्यांचे जाळे असते. रक्तातील काही द्रव सूक्ष्म केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतो. त्यातील बराचसा परत रक्तात शोषला जातो, आणि उरलेला द्रव लसिकावाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात आणून सोडतात. हा द्रव म्हणजे लसिका होय. वाटेत काखेत, जांघेत आणि मानेत लसिकाग्रंथींच्या चौक्या असतात व तेथे रोगजंतू अडविले जातात. या प्रवाहास हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचे स्वतःचे आकुंचन, त्यांतील झडपा, श्वासोच्छ्वास आणि स्नायूंची हालचाल यांवरच तो चालतो. म्हणूनच दिवसभर पाय लोंबते ठेवून बसणाऱ्याच्या पायावर सायंकाळी सूज दिसते आणि चालत्या-फिरत्या माणसाच्या पायावर ती सहसा दिसत नाही.

हत्तीरोगाचे कृमी नेमके याच वाहिन्यांत ठाण मांडतात. भारतात आढळणाऱ्या या रोगास बहुतांशी वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय हा कृमी कारणीभूत असतो. धाग्यासारखा बारीक असा हा पूर्ण वाढलेला कृमी लसिकावाहिनीत काही वर्षे जगतो आणि असंख्य सूक्ष्म पिले रक्तात सोडतो. ही पिले दिवसा शरीराच्या आतील भागात राहतात व मध्यरात्रीच्या सुमारास त्वचेजवळील रक्तात येतात. आरोग्य कर्मचारी रक्ततपासणीसाठी रात्री घरोघर जात, त्याचे कारण हेच. क्युलेक्स जातीचा डासही रात्रीच घरात शिरून चावतो. रुग्णाच्या रक्तातून पिले डासाच्या पोटात गेली की दहा ते चौदा दिवसांत ती संसर्गक्षम होतात. मात्र एका-दोन चाव्यांनी हा रोग होत नाही. वर्षानुवर्षे, वारंवार चावे बसावे लागतात. लागण बहुधा बालपणी होते आणि सूज तारुण्यात किंवा त्यानंतर दिसते. ज्या घरात मूल रोज रात्री डासांत झोपते, त्या घरात पुढील वीस वर्षांनंतरच्या दुखण्याची पेरणी होत असते.

महाराष्ट्रात हत्तीरोगासाठी सामुदायिक औषधोपचाराचा कार्यक्रम ज्या १८ जिल्ह्यांत राबविण्यात आला, त्यांत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांबरोबरच अकोला व जळगाव हेही होते. बुलढाणा त्या यादीत नव्हता, परंतु पूर्वेला अकोला आणि पश्चिमेकडे जळगाव अशी त्याची शेजारसंगत आहे. मेहकर तालुक्यातील डोणगाव तर छत्रपती संभाजीनगरहून मेहकरमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे गाव. अशा गावातून माणसांची ये-जा अखंड असते, आणि हा कृमी माणसाच्या रक्तातून प्रवास करतो. त्याला वाहून नेणारा डास तर गावात आधीपासूनच असतो. यादीत नाव नाही एवढ्यावर निर्धास्त राहणे ग्रामपंचायतीस परवडणारे नाही.

क्युलेक्स डासास घाण पाणी मानवते, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून रांजण व टाक्या रिकाम्या केल्या तर डेंग्यूच्या डासास आळा बसतो, परंतु क्युलेक्सला त्याची झळ पोहोचत नाही. त्याची मादी न्हाणीमागील डबक्यात, तुंबलेल्या गटारात किंवा शौचालयाच्या टाकीत एका वेळी शंभर-दोनशे अंडी घालते, आणि उष्ण हवामानात साधारण आठवड्या-दहा दिवसांत त्यांतून डास उडतात. नळयोजनांमुळे मोठ्या गावांत घराघरांत पाणी आले. त्याचे सांडपाणीही वाढले, पण त्याच्या विल्हेवाटीची सोय मात्र त्याच गतीने झाली नाही. उघडी गटारे ही पुष्कळ ठिकाणी पाणी वाहून नेण्याची नव्हे, तर साठविण्याची व्यवस्था ठरली आहे. उतार न देता बांधलेले पक्के गटार हे कच्च्या गटाराहून वाईट, कारण कच्च्यात निदान काही पाणी मुरते.

या बाबतीत नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाचा अनुभव उपयुक्त आहे. नांदेड हाही हत्तीरोगग्रस्त जिल्हा. टेंभुर्णीत घरोघर शोषखड्डे घेऊन सांडपाणी जमिनीखाली मुरविण्यात आले, गटारांची गरज उरली नाही आणि गाव डासमुक्त म्हणून ओळखले जाऊ लागले. खड्ड्याची रचना साधी आहे. खड्ड्याच्या मध्यभागी भोके पाडलेली सिमेंटची टाकी बसवितात, भोवती मोठे दगड व त्यावर लहान दगड भरतात आणि वरून खड्डा पूर्ण झाकतात. पाणी आत शिरते, दगडांतून पसरते व जमिनीत जिरते. डासाला पृष्ठभाग दिसतच नाही.

मात्र टेंभुर्णीचा खड्डा जसाच्या तसा डोणगाव परिसरात उचलून चालणार नाही. मेहकर भागातील काळी कसदार माती पाणी धरून ठेवते. कपाशी-सोयाबीनला जो गुण, तोच शोषखड्ड्यास दोष. काळ्या मातीत घेतलेला चार फुटी खड्डा पहिल्या पावसाळ्यातच भरतो आणि मग तोच डासांचे आगर बनतो. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल नेला पाहिजे. मुरूम फार खाली असेल तर खड्ड्याऐवजी दगड भरलेला लांब चर काढावा अथवा पाणी परसबागेत केळी, कर्दळी व अळूच्या वाफ्यांत फिरते ठेवावे. विहीर वा हातपंपापासून किमान १५ मीटर अंतर हवे. साबणाचा मळ, केस व खरकटे अडविण्यासाठी आधी एक छोटी जाळीची कुंडी असावी आणि ती आठवड्याला साफ व्हावी. शोषखड्डे निकामी होतात ते बहुधा या कुंडीच्या आळसामुळे.

शौचालयाच्या टाकीची हवानळी हा दुसरा दुर्लक्षित मार्ग. नळीच्या तोंडास बारीक जाळी किंवा जुन्या नायलॉनच्या कापडाचा तुकडा घट्ट बांधला की टाकीतील डास बाहेर पडू शकत नाहीत. खर्च नगण्य आहे. कदाचित त्यामुळेच त्याचा अंदाजपत्रकात उल्लेख नसतो. ज्या डबक्याची विल्हेवाट लागणे शक्य नाही, त्यात गप्पी मासे सोडावेत. रात्री मुलांना मच्छरदाणीत झोपविणे हे तर प्रत्येक घराच्या हाती आहे.

आता न्हाणीची दुसरी बाजू. ज्याच्या पायाला सूज आली आहे, त्याच्यासाठी तेथील स्वच्छ पाणी आणि साधा साबण हेच मुख्य साधन होय. औषधाने कृमी मरतात, जुनी सूज मात्र उतरत नाही. ती वाढते ती वारंवार येणाऱ्या ताप-थंडीच्या झटक्यांमुळे, आणि हे झटके येतात ते त्वचेवरील भेगा, जखमा आणि बोटांच्या बेचक्यांतील चिखल्यांतून जंतू शिरल्याने. चिखलात अनवाणी काम करणाऱ्या शेतकऱ्यास व शेतमजुरास चिखल्या हा किरकोळ त्रास वाटतो. लसिकावाहिन्या बिघडलेल्या पायास तो किरकोळ नसतो. पाय रोज धुवावा, बेचक्यांसह मऊ कापडाने टिपून कोरडा करावा, चिखल्यांवर आरोग्य केंद्रातील मलम लावावे, पायात सैल पादत्राणे असावीत. बसताना पाय पाटावर व झोपताना गादीखाली वीट किंवा उशी देऊन उंच ठेवावा. घोटा व टाचेच्या हालचालींचे व्यायाम बसल्या जागीही होतात.

झटका आला असता मात्र व्यायाम व चोळणे बंद ठेवून विश्रांती घ्यावी, पायावर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात आणि विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. बिब्बा घालणे, डागणे, गरम शेक देणे हे प्रकार नव्या जखमा करून रोगास दारच उघडून देतात. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर काखेतील ग्रंथी काढल्या गेल्या असतील, तर त्या हातावर येणाऱ्या सुजेसही त्वचेच्या स्वच्छतेची आणि जखमा टाळण्याची हीच काळजी लागू पडते.

औषधोपचाराच्या बाबतीत नागपूर जिल्ह्याने २०१९ साली आयव्हरमेक्टिन, डी.ई.सी. व अल्बेंडाझोल या तीन औषधांचा एकत्रित प्रयोग देशात प्रारंभीच्या जिल्ह्यांमध्ये राबविला. २०२७ पर्यंत रोगाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. निरोगी दिसणाऱ्या माणसाने गोळ्या का घ्याव्यात, हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. रक्तात पिले असूनही अनेकांस वर्षानुवर्षे कोणताच त्रास होत नाही आणि डास त्यांच्याकडूनच रोग नेतो, हे उत्तर शिक्षकांनी वर्गात फळ्यावर आकृती काढून दिल्यास ते मुलांमार्फत घरी पोहोचते.

रुग्ण शोधणे हे मात्र अवघड काम आहे. अंडवृद्धी असलेला पुरुष ती धोतरात झाकतो, सुजलेल्या पायाची स्त्री नऊवारीच्या घोळात. शासकीय रुग्णालयात अंडवृद्धीची शस्त्रक्रिया होते, तरी लाजेपोटी वर्षे निघून जातात. पायाची सूज ऐन तरुण मुलीस असेल तर घर ती सोयरिकीच्या भीतीने लपविते. आशा स्वयंसेविकेने घरी जाऊन, इतरांसमोर नव्हे, विचारपूस करावी आणि ग्रामपंचायतीने नावांची यादी सूचनाफलकावर न लावता आरोग्य केंद्राकडे द्यावी. सांडपाण्याच्या कामासाठी मात्र उघडी यादीच हवी. कोणत्या घरामागे डबके आहे, कोणत्या हवानळीस जाळी नाही, हे वॉर्डनिहाय लिहून ती मे महिन्यातील ग्रामसभेत वाचली जावी, म्हणजे मृगाच्या आत खड्डे मुरमापर्यंत पोहोचतील.