आमच्या फियाटचे पथ्यपाणी

म्हाताऱ्या माणसाला काय पचते आणि काय पचत नाही, हे घरच्या बायकांना डॉक्टरपेक्षा अधिक कळते. म्हाताऱ्या मोटारीचे मात्र तसे नाही. तिच्या बाबतीत वाटेवरचा प्रत्येक गृहस्थ डॉक्टर होतो आणि फी न घेता औषध सांगून जातो. आमची प्रीमियर पद्मिनी (आम्ही तिला अजून फियाटच म्हणतो) 1986 सालची. त्या काळी मोटार नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वडिलांनी ती पाहिली. पुढे 1988 मध्ये आमचे लग्न झाले आणि सौभाग्यवती याच गाडीतून माहेरचा उंबरठा ओलांडून अंबरनाथला आली.

ते माहेर आता पाण्याखाली आहे. बारवी धरणाची उंची वाढवली आणि 2019 च्या पावसाळ्यात वाढीव उंचीपर्यंत पहिल्यांदा पाणी साठले, तेव्हा तोंडली, काचकोली, मोहघर अशी काही गावे बाधित झाली. तिचे गाव त्यातलेच. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या नळांना याच धरणाचेही पाणी येते. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात सकाळी जे भरून ठेवायचे, त्यात तिचे अंगण थोडे असतेच! पावसाळा सरला की वर्षातून एकदा तिला तिकडे जाऊन पाण्याकडे पाहून यायचे असते, आणि तेही याच गाडीतून. चिरंजीवांचे मत निराळे. "बाबा, ही आता भंगारात द्या. माझ्या गाडीतून आईला नेतो." यावर आईचे उत्तर ठरलेले : "चालते आहे तोवर हीच."

आता चालते आहे की नाही, हाच तर प्रश्न होता. दोन वर्षांपूर्वी गाडी चढाला लागली की इंजिनातून खडखड ठोका येऊ लागला. जणू डब्यात कोणी चिंचोके हलवावेत. शेजाऱ्यांनी निदान केले : साधे पेट्रोल मानवत नाही, प्रीमियम घाला. लिटरमागे काही रुपये जास्त, पण म्हातारीला थोडा शिरा-बदाम! मलाही ते पटले. जे महाग ते पौष्टिक, ही आपली जुनी समजूत.

सहा महिने मी प्रीमियम घातले. ठोका कमी झाला असे मी सर्वांना सांगत असे. मग एकदा हिशेबी बुद्धी जागी झाली. बदलापूरला टाकी साध्या पेट्रोलने काठोकाठ भरायची, बारवीपर्यंत जाऊन यायचे, पुन्हा भरून किती लागले ते लिहायचे. पुढच्या रविवारी तोच रस्ता, तोच वेग, पण पेट्रोल प्रीमियम. टाकीत काय आहे ते शेजारी बसणाऱ्या सौभाग्यवतीला सांगायचे नाही. वहीत पाहिले तर लिटरचा फरक नगण्य. आणि ठोका? दुसऱ्या रविवारी चढावर मी मोठ्या आशेने विचारले, "आज कशी गुपचूप चढते आहे, नाही?"

"अहो, गेल्या वेळेसारखीच तर खडखडते आहे," ती म्हणाली.

माझ्या कानांनी ऐकले होते ते खिशाने मोजलेल्या पैशांचे मौन!

मग मी जरा वाचन केले. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद, अशी माझी कल्पना होती. ती साफ चुकीची निघाली. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते. ठिणगी पडल्यावर ज्योत शिस्तीने पसरण्याऐवजी उरलेला भाग दाबाने आणि उष्णतेने आपणच भडकला, तर ठोका बसतो. असे आपोआप न भडकण्याचा गुण म्हणजे ऑक्टेन. दाब जास्त असणाऱ्या इंजिनाला तो जास्त लागतो. आजच्या गाड्यांत दहा-अकरा पट दाब असतो, आमच्या 1089 घनसेंटिमीटरच्या म्हातारीत आठ पटींच्या आसपास. ती जन्मली त्या काळचे साधे पेट्रोलच आजच्यापेक्षा कमी ऑक्टेनचे होते, आणि तेवढ्यावर ती मजेत धावली. आज साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान 91 असतो, आणि वीस टक्के इथेनॉल मिसळल्यावर तो 95 पर्यंत जातो, असे 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितले. प्रीमियमच्या पाटीवरही बहुधा 95 च! त्यात मळ धुणारे द्रव्य अधिक असते, हे खरे. पण ठोक्यासाठी मी सहा महिने जे पैसे मोजले ते कशाचे, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

त्याच दुसऱ्या फेरीत धरणाजवळ गाडी थांबवली, तेव्हा सौभाग्यवती पाण्याकडे जाण्याऐवजी बॉनेटपाशीच घुटमळली. "पेट्रोलचा वास येतोय." मी म्हटले, जुन्या गाडीला वास यायचाच. ती म्हणाली, "हा वास निराळा आहे. उघडा." उघडले. पेट्रोल पंपाला जाणाऱ्या रबरी नळीवर बारीक भेगा पडल्या होत्या आणि एक थेंब लोंबत होता. खाली तापलेले इंजिन! माझ्या पायांतले बळ गेले. तास-दीड तास गाडी थंड होऊ दिली, ओळखीच्या गॅरेजातल्या मिस्त्रीला फोन केला आणि तो स्कूटरवरून नळी घेऊन येईपर्यंत आम्ही दोघे काठावर बसून राहिलो. त्या वेळात तिने मला पाण्यातली एक जागा बोटाने दाखवली आणि तिथे चिंचेचे झाड होते असे सांगितले. मी ते झाड पाहिले होते. वरातीची गाडी त्याखालीच उभी होती.

मिस्त्री आला. नळी बोटांत दाबून दाखवली. "काका, ही जुनी रबरं इथेनॉल खाऊन टाकतं. प्रीमियम घातलंत म्हणून सुटका नाही, त्यातही इथेनॉल असतंच."

"आणि ठोका?"

"तो उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी त्याने डेलको थोडा फिरवून टायमिंग मागे घेतले, हेड काढून कार्बनचा थर खरवडला, पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवल्या, फिल्टर बदलला. इथेनॉलने टाकीतला जुना गंज सुटून त्यात जमला होता. कार्बोरेटरचे मिश्रणही जरा दाट केले, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते आणि जुन्या कार्बोरेटरला ते आपणहून कळत नाही. ॲव्हरेज जे थोडे घटले आहे ते त्यामुळेच, आणि ते भरून यायचे नाही. सगळे बिल मिळून सहा महिन्यांच्या प्रीमियमच्या जादा खर्चापेक्षा मोठे झाले, हे चिरंजीवांना मी सांगितलेले नाही.

माझ्याच वयाच्या गाडीवाल्यांना एवढेच सांगेन : आधी टायमिंग, कार्बन आणि नळ्या पाहा. हे सगळे ठीक असूनही चढावर ठोका राहिला, तर खुशाल महाग पेट्रोल घालून पाहा. मात्र शेजारी बसणाऱ्याला सांगू नका.

1986 ची गाडी, म्हणून 2001 पासून दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नव्याने करावी लागते. पर्यावरण कर भरावा लागतो, तपासणीला न्यावी लागते. चिरंजीव दर खेपेस म्हणतात, यंदा नापास होईल.

या पावसाळ्यानंतर पुन्हा बारवीला गेलो. टाकीत साधे पेट्रोल. मुळगावच्या पुढे चढ लागला तेव्हा मी काहीच विचारले नाही. सौभाग्यवती काच खाली करून बाहेर पाहत होती. वर पोहोचल्यावर ती उतरली, बॉनेटपाशी एकदा वाकून वास घेतला आणि मग पाण्याकडे गेली.