टकलू ठणठणीत होता, आजारी दुसरीच होती

गेल्या महिन्यातील गोष्ट. संध्याकाळी दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो. दिवसभर गाई-म्हशी, शेळ्या आणि दोन-चार कुत्री तपासून हात दुखत होते. एवढ्यात एक निवृत्त गुरुजी आपल्या नातीला घेऊन आत आले. नातीच्या हातात बुटांचे खोके होते आणि खोक्याला पेन्सिलीने पाडलेली भोके. मी हळूच झाकण उचलले. आत झेब्रा फिंच जातीचा नर होता. नारिंगी गाल, लाल चोच, छातीवर काळा पट्टा, सारे जागच्या जागी. डोके मात्र साफ टकले!

"डॉक्टरकाका, ह्याला कॅन्सर झालाय का?" मुलीने विचारले. तिचे डोळे भरून आले होते. शेजारच्या कोणीतरी तिला तसे सांगितले होते.

पक्षी तर खोक्यात टुणटुण उड्या मारत होता. डोळे तरतरीत, छातीवर मांस चांगले, विष्ठा नेहमीसारखी. भिंग लावून पाहिले तेव्हा टाळूवर नव्या पिसांचे बारीक खुंट दिसले. पिंजऱ्यात किती पक्षी आहेत, असे विचारताच गुरुजी म्हणाले, "सहा." पिंजरा केवढा, तर दीड हात लांब. म्हणजे निदान झालेच होते. एवढ्या दाटीत इतर पक्ष्यांनी त्याच्या डोक्याची पिसे उपटली होती.

सवयीने मी विचारले, "बाकीचे कसे आहेत?"

"बाकीचे मजेत," गुरुजी हसून म्हणाले. "एक मादी तेवढी वल्ली आहे. काल दुपारपासून दांडीवर बसायचे सोडून खाली कोपऱ्यात बसून राहते, अंग फुगवून, कापसाच्या बोळ्यासारखी. हिने तिचे नाव आळशी ठेवले आहे."

मी खोक्याचे झाकण लावले. "गुरुजी, ह्याला काही झालेले नाही. आधी तिला घेऊन या. आत्ताच्या आत्ता."

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. त्याआधी वाचकांना एक गोष्ट समजून सांगायची आहे. हल्ली आपल्याकडे बऱ्याच घरांत हे पक्षी दिसतात. त्यांच्या चमत्कारिक रूपाने माणसे घाबरतात आणि चमत्कारिक वागण्याने हसतात. पुष्कळदा नेमके उलट व्हायला हवे असते.

एक तोळ्याचा पाहुणा

झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ प्रदेशातला. चोचीपासून शेपटीपर्यंत लांबी सुमारे १० सेंटिमीटर आणि वजन सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक तोळा. थव्याने राहतो, गवताचे बी खातो. पिंजऱ्यात त्याची पैदास शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. नर आणि मादी ओळखणे सोपे. नराचे गाल नारिंगी, गळ्यावर झेब्य्रासारख्या बारीक रेघा, कुशीवर तपकिरी रंगात पांढरे ठिपके. मादी साधी राखाडी आणि तिची चोच नारिंगीकडे झुकणारी.

येथे एक खुलासा करतो. आपल्याकडील मुनिया आणि पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. झेब्रा फिंच परदेशी असून पिंजऱ्यातच वाढवलेला, त्यामुळे तो पाळता येतो. बाजारात कोणी हिरव्या-गुलाबी रंगाची "परदेशी चिमणी" विकत असेल तर सावध राहा. बिचाऱ्या मुनियांना रंगात बुडवून विकण्याचा हा जुना धंदा आहे. असा रंग आजारही नव्हे आणि जातही नव्हे, ती फसवणूक आहे.

रूप वेगळे, प्रकृती उत्तम

पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढल्याने या पक्ष्यात रंगांच्या अनेक तऱ्हा निघाल्या आहेत. कोणी बदामी, कोणी पांढराशुभ्र, कोणी कबरा. पेंग्विन म्हणून एक तऱ्हा आहे, तिच्यात पोट आणि छाती पांढरी असते आणि नराच्या छातीवरचा काळा पट्टाच नसतो. पांढऱ्या पक्ष्याचे डोळे काळे असतील तर त्याच्या अंगात रंगद्रव्य बनते, फक्त ते पिसांत उतरत नाही.

बदामी रंगाची गंमत अशी की त्याचे जनुक लिंगाशी जोडलेल्या गुणसूत्रावर असते. बदामी नर आणि राखाडी मादी यांची जोडी लावली तर सगळ्या मुली बदामी होतात आणि सगळे मुलगे राखाडी. अशी पिले पाहून एका गृहस्थांनी मला, पिंजऱ्यात दुसरा नर शिरला होता की काय, असे गंभीरपणे विचारले होते!

डोक्यावर तुरा असलेले पक्षीही मिळतात. तुरा हा रोग नव्हे. मात्र तुरेवाला नर आणि तुरेवाली मादी यांची जोडी लावू नये. दोन्हीकडून तुऱ्याचे जनुक आले तर ते पिलू अंड्यातच मरते. एकाला तुरा आणि एकाला नाही, अशी जोडी ठेवावी.

पिलांची चोच काळी असते. "चोच कुजली" म्हणून धावत आलेले पालक मी पाहिले आहेत. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून ती आपोआप नारिंगी होऊ लागते. काही पक्ष्यांची चोच जन्मभर पिवळीच राहते. अन्नातल्या पिवळ्या द्रव्याचे लाल द्रव्य करणारे जनुक त्यांच्यात बिघडलेले असते, हे २०१६ साली संशोधकांनी दाखवून दिले.

सर्वांत नवलाचा पक्षी अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत सापडला. त्याचा उजवा अर्धा भाग नराचा आणि डावा अर्धा मादीचा होता. एका बाजूला नारिंगी गाल, दुसऱ्या बाजूला साधा राखाडी. २००३ साली त्याच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मेंदूतही हाच भेद दिसला. तरीही तो नरासारखा गात असे. असा पक्षी अत्यंत दुर्मिळ, पण निसर्ग काय काय करू शकतो ते यावरून कळते.

लकबी, ज्यांची काळजी नको

आता वागण्याकडे वळू. झेब्रा फिंचमध्ये गातो तो फक्त नर. गाणे तो लहानपणी बापाकडून शिकतो. पिलू दुसऱ्या जातीच्या फिंचने वाढवले तर ते त्यांचेच गाणे उचलते. तेव्हा आपला पक्षी शेजाऱ्याच्या पक्ष्यापेक्षा वेगळे गात असेल तर घसा बिघडला असे समजू नये, घराणे वेगळे आहे! मादी गात नाही, फक्त साद देते. ती "मुकी" आहे म्हणून औषध मागू नये.

झोपेतही या पक्ष्याच्या मेंदूत गाण्याचा रियाज चालू असतो. दिवसा गाताना मेंदूतील पेशी ज्या क्रमाने चेतवल्या जातात, तोच क्रम झोपेत पुन्हा उमटतो, असे २००० साली आढळले.

आपल्याकडील उन्हाळ्याशी जुळणारी आणखी एक गोष्ट. हवा तापली, साधारण २६ अंशांच्या वर गेली, की अंड्यांवर बसलेले आईबाप एक खास बारीक आवाज काढतात. अंडी फुटायच्या आधीच्या शेवटच्या काही दिवसांत तो पिलांना कवचातून ऐकू जातो, आणि अशी पिले उष्ण हवेत जरा लहानखुरी वाढतात. लहान शरीराला उष्णता बाहेर टाकणे सोपे जाते. हे संशोधन २०१६ सालचे. तेव्हा उन्हाळ्यात मडक्यात बसून जोडी काही पुटपुटत असेल तर त्यांना पुटपुटू द्यावे.

काही जोड्या घातलेल्या अंड्यांवरच पुन्हा गवत रचतात आणि त्यावर नवी अंडी घालतात. ही खुळेपणाची लकब वाटते, पण दोष आपला असतो. अंडी घातल्यावरही आपण काथ्या आणि गवत देत राहतो. पहिले अंडे दिसले की सामान बंद करावे. एका मडक्यात आठ-दहा अंडी साठली आणि एकही फुटले नाही, तर बहुधा दोन माद्यांनीच संसार थाटलेला असतो.

येथे मात्र थांबू नका

आता थोडे स्वतःविषयी सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या घरीही एक झेब्रा फिंच होता. काही दिवस तो रात्री बारीक टिकटिक आवाज करू लागला. मुलाला फार मजा वाटली. त्याने पक्ष्याचे नाव घड्याळ ठेवले. पाहुणे आले की दिवा घालवून आम्ही त्यांना घड्याळ ऐकवत असू. दिवसा तो गायचा थांबला होता, हेही माझ्या लक्षात आले होते. पण मी मनाशी म्हटले, ऋतू बदलला असेल. तीन आठवड्यांनी तो सकाळी तळाशी मरून पडलेला सापडला. श्वासनलिका उघडून पाहिली तर आत टाचणीच्या टोकाएवढे काळे किडे. श्वासमार्गात राहणारे हे माइट किडे पक्ष्यांच्या डॉक्टरांना चांगले ठाऊक असतात. वेळीच औषधाचा मोजका थेंब दिला असता तर बहुधा वाचला असता. मी जनावरांचा डॉक्टर, आणि मी त्या आवाजाला लकब समजून हसलो. मुलाला खरे कारण सांगायला मला पुष्कळ दिवस लागले.

तेव्हापासून मी एक साधा नियम पाळतो. रूप वेगळे असेल तर आधी निरखा. वागणे बदलले असेल तर आधी डॉक्टर गाठा. रानातला आजारी पक्षी शिकाऱ्याच्या नजरेस पहिला पडतो, म्हणून पक्षी दुखणे शेवटपर्यंत लपवतात. एक तोळ्याच्या जिवाकडे शिल्लक तरी किती असणार? दुखणे आपल्याला दिसते तेव्हा ते जुने झालेले असते.

पुढील खुणा दिसल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये :

• अंग फुगवून दिवसा झोपणे, तळाशी बसणे.
• श्वासाबरोबर शेपटी वरखाली हलणे, चोच उघडी ठेवणे.
• टिकटिक आवाज, गाणे अचानक बंद होणे.
• मान वाकडी होणे, डोके मागे टाकून गोल फिरणे. यामागे विषाणूचा आजार असू शकतो. असा पक्षी ताबडतोब वेगळा ठेवावा.
• लाल चोच फिकी पडत जाणे, विष्ठा पातळ होणे, छातीचे हाड हाताला लागणे.

आळशीचे काय झाले?

गुरुजी अर्ध्या तासात मादीला घेऊन आले. पोट फुगलेले, शेपटी हलत होती, पाय लुळे. अंडे आत अडकले होते. ही या छोट्या पक्ष्यांतील सर्वांत घातक अवस्थांपैकी एक. चोवीस तासही हातात नसतात. कॅल्शियम कमी पडले की कवच मऊ राहते आणि अंडे ढकलणारे स्नायूही थकतात. गुरुजींच्या पिंजऱ्यात मडकी बारा महिने टांगलेली आणि खायला फक्त राळा. मादी घाण्याच्या बैलासारखी अंडी घालत राहिली होती.

अशा वेळी घरी पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. अंडे आत फुटले तर पक्षी हमखास जातो. आम्ही तिला साधारण ३० अंशांच्या उबदार, दमट पेटीत ठेवले आणि कॅल्शियम दिले. मुलगी घरी जायला तयार होईना. रात्री अकराच्या सुमारास पेटीत मऊ कवचाचे, वेडेवाकडे अंडे पडलेले दिसले. आळशी डोळे उघडून आमच्याकडे पाहत होती. दोन दिवसांनी ती दांडीवर बसू लागली. सहा महिने तिला मडके द्यायचे नाही, असे मी बजावले.

जाताना गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, वर्गात दंगा करणारा मुलगा मला लगेच दिसायचा. गप्प बसलेल्याला ताप आहे, हे घंटा झाल्यावर कळायचे."

एवढे करा

जोडीसाठी पिंजरा किमान अडीच फूट लांब असावा. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण फिंच आडवा उडतो. राळ्याबरोबर बाजरी, कोथिंबीर, मेथी, अधूनमधून उकडलेले अंडे द्यावे. समुद्रफेन पिंजऱ्यात कायम टांगलेले असावे. नसेल तर अंड्याचे टरफल उकळून, वाळवून, कुटून ठेवावे. दांड्या पेरू किंवा कडुनिंबाच्या, कमी-अधिक जाडीच्या असाव्यात, म्हणजे नखे झिजतात. वर्षातून दोन-तीन विणींनंतर मडकी काढून घ्यावीत. नवा पक्षी महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावा. पिंजरा स्वयंपाकघरात नको, कारण नॉन-स्टिक भांडे करपले तर त्याचा धूर पक्ष्यांना मिनिटांत मारतो. डासांची कॉइलही जवळ लावू नये.

माणसांसाठीही दोन शब्द. पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत. कोरडी विष्ठा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. घरात कोणाला दमा किंवा लांबलेला खोकला असेल तर आपल्या डॉक्टरांना घरी पक्षी असल्याचे आवर्जून सांगावे. पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना त्रास होतो.

आणि रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन पाच मिनिटे पिंजऱ्यासमोर बसावे. कोण गातो, कोण खातो, कोण कुठे बसतो, एवढेच पाहावे. गुरुजींची नात आता वहीत तारीखवार टिपण ठेवते. टकलूच्या डोक्यावर पिसे आली आहेत. त्याचे आणि आळशीचे नाव मात्र तिने बदललेले नाही.