वडीलधाऱ्यांची मोटारसायकल कधी थांबवावी?



ज्यांनी राजदूतवर बियाण्याच्या पिशव्या आणल्या, १९७२ साली निघालेल्या लूनावर बाजार केला, एम-८० ला कॅन अडकवून डेअरीत दूध घातले, ती मंडळी आता सत्तरीत आहेत. गाडी सुटली की कुठेही जायला पोराची वाट पाहावी लागते, हे त्यांचे खरे दुःख.

पण शरीराचेही ऐकले पाहिजे. मोतीबिंदू असला की समोरच्या दिव्याने डोळे दिपतात. मान वळत नाही म्हणून मागचे वाहन दिसत नाही. दीडशे किलोहून जड बुलेट उतारावर सावरताना गुडघा साथ देत नाही. उसाच्या हंगामात अंधारात उभी असलेली ट्रॉली अगदी जवळ गेल्यावर दिसते. चाळिशीनंतर परवाना नवा करताना डॉक्टरांचा दाखला लागतो, तो याचसाठी.

गाडी एकदम बंद करू नये. आधी रात्रीची सोडावी, मग हमरस्त्यावरची. डोळे दरवर्षी तपासून घ्यावेत. शिवारात जातानाही हेल्मेट घालावे. तोल जाऊ लागला किंवा चक्कर येऊ लागली, तर मात्र त्याच दिवशी थांबावे.

घरच्यांनी किल्ली लपवू नये, शेजारी बसून बोलावे. २०२२ पासून राज्यात पंचाहत्तरीपुढे एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्टीपुढे अर्धे तिकीट. बाजाराचा दिवस आणि डेअरीचा हिशेब त्यांच्याकडेच ठेवावा. गाडी सुटली तरी घरचा कारभार त्यांच्या हातून सुटू नये.