मोबाइलची बॅटरी : ती म्हातारी का होते आणि नवी कशी निवडावी?

नव्या मोबाइलची बॅटरी सकाळी चार्ज केली की रात्रीपर्यंत पुरते. दोन-तीन वर्षांनी मात्र दुपारीच चार्जर शोधावा लागतो. कधी तर पडद्यावर २० टक्क्यांचा आकडा दिसत असतानाच फोन एकदम बंद पडतो. ‘बॅटरी खराब झाली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण बॅटरीत नेमके काय खराब होते? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की बॅटरी जास्त दिवस कशी टिकवावी आणि बदलायची वेळ आलीच तर नवी कशी पारखावी, हेही आपोआप कळते.

आयनांची ये-जा

मोबाइलमधील बॅटरी म्हणजे लिथियम-आयन प्रकारचा विद्युतघट. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांच्या संशोधनातून हा घट आकाराला आला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने तो बाजारात आणला आणि २०१९ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

घटाची रचना अशी : तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप, हे ऋण अग्र. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडसारख्या संयुगाचा लेप, हे धन अग्र. दोहोंमध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा आणि सेंद्रिय द्रावकात विरघळवलेला लिथियमचा क्षार, म्हणजे विद्युत अपघटनी. चार्ज करताना लिथियमचे आयन धन अग्रातून निघून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. सहा कार्बन अणूंमागे जास्तीत जास्त एक लिथियम, असा हा हिशेब असतो. फोन वापरताना ते परत फिरतात आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या मंडलातून जाऊन फोन चालवतात.

साध्या कोरड्या घटात जस्त खर्च होते. इथे तसे नाही. दोन आगारांमध्ये त्याच त्या एस.टी. गाड्यांनी फेऱ्या माराव्यात, तसे तेच आयन जात-येत राहतात. मग हा घट कायमचा का टिकत नाही?

झीज कशाने होते?

पूर्ण चार्ज झालेले ग्रॅफाइट इतके क्रियाशील असते की त्याला टेकलेल्या द्रावकाचे विघटन होते. त्यातून ग्रॅफाइटवर एक बारीक पापुद्रा तयार होतो. कारखान्यातील पहिल्याच चार्जिंगमध्ये तो तयार होतो आणि तो हवाच असतो. कारण आयनांना वाट देऊन तो द्रावकाचे पुढील विघटन बरेचसे थोपवतो. परंतु हे विघटन पूर्ण थांबत नाही. पापुद्रा हळूहळू जाड होत जातो आणि त्यात काही लिथियम कायमचे अडकते. एस.टी.च्या भाषेत, काही गाड्या बाद होतात आणि रस्ताही खराब होतो. म्हणजे घटाची धारकता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो.

२० टक्क्यांवर फोन का बंद पडतो, हे ओहमच्या नियमाने समजते. समजा घटाचे विभवांतर ३.६ व्होल्ट आहे आणि कॅमेरा सुरू करताना फोनला क्षणभर २ ॲम्पियर धारा लागते. घटाचा रोध ०.१ ओहम असेल तर आतल्या आत ०.२ व्होल्ट खर्च होऊन फोनला ३.४ व्होल्ट मिळतील. रोध ०.३ ओहम झाला तर उरतील फक्त ३ व्होल्ट. तेवढ्यावर फोन चालत नाही.

विघटनाचा वेग दोन गोष्टींनी वाढतो : एक, जास्त चार्ज आणि दोन, जास्त तापमान. न वापरता वर्षभर ठेवलेल्या लिथियम-आयन घटांचे ठोकळ आकडे असे दिले जातात. २५ अंश सेल्सिअसला ४० टक्के चार्ज ठेवल्यास धारकता सुमारे ४ टक्के घटते, पूर्ण चार्ज ठेवल्यास २० टक्के. ४० अंशांना हेच आकडे १५ आणि ३५ टक्के होतात. घटाच्या रचनेनुसार आकडे बदलतील, पण कल हाच राहील. इथे घट वापरलेला नाही, नुसता ठेवलेला आहे, हे लक्षात घ्यावे. बॅटरी वापराने झिजते, तशी ती नुसत्या काळानेही झिजते.

आयुष्य वाढवण्यासाठी

यावरून काही साधे नियम निघतात. बॅटरी शून्यापर्यंत उतरवून मगच चार्ज करावी, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम घटांसाठी होता, लिथियम-आयन घटाला तो लागू नाही. साधारण ३० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान वापर केलेला उत्तम. थोडेथोडे चार्ज केल्याने नुकसान होत नाही, कारण ५० टक्के दोनदा भरले म्हणजे चक्र एकच मोजले जाते.

रात्रभर चार्जरला लावल्याने बॅटरी ‘जास्त’ चार्ज होत नाही, फोनमधील मंडल धारा थांबवते. पण ती सहा-सात तास काठोकाठ भरलेली आणि बहुधा कोमट राहते, हा तोटा आहे. फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असल्यास ती जरूर वापरावी. उशीखाली फोन चार्ज करू नये. विदर्भ-खान्देशात मे महिन्यात बंद गाडीत किंवा दुचाकीच्या हँडलवर उन्हात फोन ठेवणे सर्वांत वाईट.

शाळेतील टॅब उन्हाळी सुटीत कपाटात जातात. ते साधारण निम्मे चार्ज करून, बंद करून, थंड जागी ठेवावेत. पूर्ण उतरलेली बॅटरी बराच काळ तशीच पडली तर आतल्या तांब्याच्या पत्र्याचे तांबे विरघळू लागते आणि घट निकामी होतो.

नवी बॅटरी निवडताना

मागचे झाकण किंवा पडदा उचलला गेल्यासारखा दिसला, तर आत वायू साठून बॅटरी फुगली आहे असे समजावे. तिचा वापर आणि चार्जिंग ताबडतोब थांबवावे. एरवी धारकता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की बदलण्याचा विचार करावा. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमानुसार तिथे विकल्या जाणाऱ्या फोनच्या बॅटरीत ८०० चक्रांनंतर निदान ८० टक्के धारकता उरली पाहिजे.

नव्या बॅटरीच्या वेष्टनावर चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, चार्जिंगची व्होल्ट-मर्यादा. जुन्या पद्धतीच्या घटांना ती ४.२ व्होल्ट असते, नव्यांना सुमारे ४.४ व्होल्ट. फोन ४.४ व्होल्टपर्यंत चार्ज करणारा आणि घट ४.२ व्होल्टचा, अशी जोडी झाली तर प्रत्येक वेळी घट मर्यादेबाहेर भरला जाईल. म्हणून मूळ बॅटरीचा क्रमांक आणि ही मर्यादा, दोन्ही जुळली पाहिजेत.

दुसरी, धारकता. ५००० मिलिॲम्पियर-तास म्हणजे ५ ॲम्पियर-तास. त्याला ३.८५ व्होल्टने गुणले की १९.२५ वॉट-तास ऊर्जा येते. चांगल्या घटात दर किलोग्रॅमला साधारण २०० ते ३०० वॉट-तास मावतात. सिलिकॉन मिसळलेल्या काही नव्या घटांत त्याहून थोडे जास्त. म्हणजे ही बॅटरी ६५ ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त भरायला हवी. ती ४० ग्रॅमच भरली तर वेष्टनावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

तिसरी, उत्पादनाची तारीख. काळानेही झीज होते हे आपण पाहिलेच. बंद झालेल्या मॉडेलची ‘ओरिजनल’ बॅटरी चार वर्षे गोदामात पडलेली असेल, तर ती कोरी असली तरी नवी नव्हे.

चौथी, भारतीय मानक ब्यूरोची खूण. तिच्यावर ‘आयएस १६०४६’ हे मानक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक पडताळता येतो.

एवढी काटेकोर तपासणी कशासाठी? २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या फोनच्या बॅटऱ्या पेटू लागल्या. कंपनीने फोन परत घेऊन दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्यांचे फोन दिले, तेही पेटले. जानेवारी २०१७ मध्ये कारणे जाहीर झाली. पहिल्या घटांत कोपऱ्याशी ऋण अग्र वाकलेले होते, दुसऱ्यांत वेल्डिंगच्या टोकांनी मधला पडदा भेदला होता. दोन्ही वेळा परिणाम एकच : आतल्या आत शॉर्टसर्किट. मोठ्या कारखान्यात तपासणीतून हे निसटू शकते, तर बिननावाच्या स्वस्त घटाची खात्री कोण देणार? गोंदाने चिकटवलेली बॅटरी स्वतः टोकदार हत्याराने उचकटू नये, तेही याच कारणासाठी. काढलेली जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.

नववी-दहावीच्या वर्गात ओहमचा नियम आणि विद्युत ऊर्जा शिकवताना मुलांना घरच्या पॉवर बँकेवरील आकडे वाचून आणायला सांगावे. ते वॉट-तासांत बदलून पॉवर बँकेच्या वजनाशी ताडून पाहिले, तर कोणता दावा खरा असू शकतो आणि कोणता नाही, हे मुले स्वतःच ठरवू शकतील. आवरणाचे वजनही त्यात धरलेले असते, हे मात्र त्यांना विचारात घ्यायला लावावे. आणि पॉवर बँक उघडून पाहायची नाही, हे आधीच बजावावे.